मांजर, मुलतानी माती आणि अम्मींची जानमाज

मे महिन्याच्या शेवटी माझ्या लेकीनं सफाळे स्टेशनबाहेरून मांजराचं एक पिल्लू उचलून दातिवऱ्याला आणलं. तीन-चार महिन्यांची मादी, नाव गुड्डी. तिसऱ्या दिवशी पहाटे फज्रला उठलेल्या अम्मींच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या, पायाला जानमाज ओली लागली. त्या मला एवढंच म्हणाल्या, "बेटा, शाळेत जाताना हिला बाजारात सोडून ये. मासळी खाऊन जगेल."

लेक रडत रडत पण हुज्जत घालायला तयार. तिला अबू कतादा (रजि.) यांची हदीस पाठ होती. त्यांच्या सुनेनं, कबशा यांनी, वजूसाठी पाणी काढलं. तेवढ्यात मांजर आलं, तर अबू कतादांनी भांडं कलतं करून त्याला पाणी पाजलं. सून चकित होऊन बघतेय हे पाहून त्यांनी सांगितलं, की प्रेषित मुहम्मद (स.) यांनी मांजराला नापाक मानलं नाही, ते तर आपल्यात सतत वावरणारं आहे.

हदीस बरोबरच आहे. पण ती मांजराच्या तोंडाबद्दल, उष्ट्याबद्दल आहे. मांजराचं मूत्र आणि विष्ठा मात्र नापाकच. आम्हा शाफईंकडे तसंच आणि हनफींकडेही तसंच. म्हणजे नातही खरी आणि आजीही खरी. राहिला प्रश्न जागेचा.

हा प्रश्न जुन्या किताबांत फारसा भेटत नाही, आणि त्याचं कारण साधं आहे. आपल्या घरातल्या मांजराचा पूर्वज पश्चिम आशिया आणि उत्तर आफ्रिकेच्या कोरड्या मुलखातलं रानमांजर. सायप्रस बेटावर माणसाच्या शेजारी पुरलेलं सुमारे 9500 वर्षांपूर्वीचं मांजर सापडलंय, इतकी ही सोबत जुनी. या जनावराला भुसभुशीत माती उकरून घाण झाकायची उपजत खोड आहे. अरबस्तानात, मिसरमध्ये, आपल्या कोकणात दाराबाहेर माती होतीच. मांजर जायचं, उकरायचं, झाकून परत यायचं. कुणी शिकवलं नाही.

आमच्या आजोळी मातीची जमीन होती, परसात चुलीतल्या राखेचा ढीग असायचा. मांजरं तिथंच जायची. उर्दूत म्हण आहे, बिल्ली का गू, न लीपने का न पोतने का. शेणानं जमीन सारवणाऱ्या बायांचा हिशेब त्यात आहे, शेण कामाचं, हे बिनकामाचं. पण वैतागाचा सूर त्या म्हणीत नाही, कारण ते घरात होतच नव्हतं. पुढं गॅस आला, राख गेली. टाइल्स आल्या, माती गेली. दारं बंद झाली. मांजर तेच राहिलं आणि आपण म्हणायला लागलो की ते घाणेरडं आहे!

अमेरिकेत हेच थोडं आधी घडलं. तिथली मांजरंही बाहेरच जायची, नाहीतर घरात वाळूची किंवा राखेची पेटी असायची. 1947 च्या हिवाळ्यात मिशिगन राज्यातल्या कॅसोपोलिस गावी एका बाईची वाळू थंडीनं गोठली. राख वापरावी तर घरभर काळी पावलं. ती शेजारच्या एडवर्ड लो या तरुणाकडे वाळू मागायला गेली. नौदलातून परतलेला लो वडिलांच्या धंद्यात होता. कारखान्यात सांडलेलं तेल टिपायला भुसा आणि माती विकायची, हा तो धंदा. त्यानं वाळूऐवजी भाजलेल्या मातीचे दाणे दिले. वासही कमी आणि पावलंही उमटेनात. लोनं पाच-पाच पौंडांच्या दहा पिशव्या भरल्या, त्यांवर 'किटी लिटर' लिहिलं आणि किंमत ठरवली 65 सेंट. वाळू जवळजवळ फुकट मिळत असताना माती कोण विकत घेणार, अशी दुकानदाराला शंका. म्हणून सुरुवातीला त्या फुकट वाटायला सांगितल्या.

ती माती कोणती? इंग्रजीत तिला फुलर्स अर्थ म्हणतात. लोकरीतला तेलकटपणा काढायला ती वापरायचे. आपल्याकडे तिचंच नाव मुलतानी माती, ज्या मातीनं अम्मींनी आयुष्यभर केस धुतले. हे मी त्यांना सांगितलं, तर म्हणाल्या, "तौबा! आणि ही लिटर किती लिटरची येते?" ओलाव्यानं गोळा होणारं लिटर 1984 मध्ये थॉमस नेल्सन या शास्त्रज्ञानं शोधलं. त्यातली बेंटोनाइट माती आपल्या शेजारी कच्छमध्ये खाणींतून निघते.

आमची सुरुवात मात्र वाळूनंच झाली, किनाऱ्यावरची एक बादली, गोड्या पाण्यानं धुऊन उन्हात वाळवलेली. प्लास्टिकचं उथळ घमेलं घेतलं आणि ते तिच्या खाण्यापासून लांब, न्हाणीच्या कोपऱ्यात ठेवलं. ती चुकली तेव्हा ओरडलो नाही. फडक्यानं टिपून ते फडकं वाळूत पुरलं, म्हणजे वास तिथं लागावा. आठवडाभर जेवणानंतर आणि झोपेतून उठल्यावर तिला घमेल्यात नेऊन ठेवायचं काम लेकीचं. चुकलेली जागा व्हिनेगरच्या पाण्यानं पुसली. आपल्याकडे सरसकट फिनेल ओततात. ते मांजराला विषारी असतं, पंजे चाटताना पोटात जातं. घाण दिवसातून दोनदा काढायची, आणि घरात कुणी गरोदर असेल तर तिनं या कामाला हात लावू नये.

जूनमध्ये पाऊस सुरू झाला आणि वाळू सुकेना. ओल्या वाळूत गुड्डी पाय ठेवीना, पुन्हा जानमाजीकडे बघायला लागली. त्या बाईची वाळू बर्फानं अडवली, आमची पावसानं. राख आणावी तर चूल कुठाय? मग पालघरहून पाच किलोची पिशवी आणली. पहिले चार दिवस अर्धी वाळू, अर्धं लिटर, नंतर नुसतं लिटर. एकदम बदललं असतं तर तिनं नाकारलं असतं.

त्यानंतर ती दोनदाच चुकली, दोन्ही वेळा घमेलं साफ करायचं राहिलं होतं. अम्मी जानमाज नमाज झाल्यावर घडी करून कपाटात ठेवतात, ते काही बदललं नाही. बाजारात सोडायचं मात्र पुन्हा निघालं नाही. परवा लेक शाळेतून यायला उशीर झाला तर फोन करून विचारत होत्या, "त्या तुझ्या मुलतानी मातीचा फावडा कुठं ठेवलाय?"