दोन पंगती, एक वेढा

कुत-अल-अमाराच्या वेढ्याविषयी लिहिणारे बहुधा सेनापतींच्या चुकांपाशी थांबतात. आम्हांला त्या वेढ्याचा मुदपाकखाना आणि रुग्णालय अधिक बोलके वाटते. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ या काळात तैग्रिस नदीच्या वळणावरील या शहरात तुर्कांनी कोंडलेले सैन्य म्हणजे ब्रिटिशांचे सहावे पुणे डिव्हिजन. त्याच्या ब्रिगेडांची नावे पुणे, अहमदनगर, बेळगाव. १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी त्यांतच होत्या. शिवाय सुमारे ६,००० अरब रहिवासी.

सेनापती टाऊनशेंडने आरंभी शिधा इतका तोकडा कळवला की सुटकेची फौज अपुऱ्या तयारीने धावली आणि तिचे सुमारे २३,००० सैनिक मेले वा जखमी झाले. पुढे घरे धुंडाळली तेव्हा धान्याचे साठे सापडले! दळायला जाती नव्हती. ती विमानातून टाकावी लागली.

बाजारपेठेतील दुकानांच्या गाळ्यांत रुग्णालय थाटले होते. तेथील रुग्णांची विभागणी विलक्षण आहे. गोऱ्या सैनिकांना पांढऱ्या मैद्याचा पाव मिळे. त्यांना बेरीबेरी जडला. हिंदी सैनिकांना कोंड्यासकट दळलेली कणीक आणि जवाची भरड मिळे, म्हणून ते त्यातून वाचले. पण घोड्याचे मांस नाकारल्यामुळे त्यांना स्कर्व्हीने गाठले. गोऱ्यांच्या पावात भरड मिसळू लागल्यावर बेरीबेरी ओसरला. एकाच्या ताटात दुसऱ्याचे औषध होते. ‘व्हिटामिन’ हा शब्द तेव्हा जेमतेम चार वर्षांचा होता. डॉक्टर माळावरचा पाला गोळा करवीत होते.

टाऊनशेंडने पराभवाचे खापर बरेचसे या नकारावर फोडले. आम्हांला ते पटत नाही. हिंदुस्थानातून धर्मगुरूंची अनुज्ञा तारेने आली, तरी शिपायाला भीती धर्मगुरूंची नव्हतीच. गावी परतल्यावर पंक्तीला कोण घेईल, सोयरीक कोण जुळवील, ही होती. अनुज्ञा देणारे त्या गावात राहत नव्हते. एप्रिलमध्ये बहुतेकांनी मांस खाल्ले, पण तोवर अंगात त्राण उरले नव्हते.

या वेढ्याची आठवण बंगालीने जपली. रुग्णसेवेच्या पथकातील शिशिर सर्वाधिकारींनी ‘अभि ले बगदाद’ लिहिले. तुर्कांच्या कैदेत १९१७ साली मृत्यू पावलेल्या डॉक्टर कल्याणकुमार मुखर्जींचे चरित्र त्यांच्या आजीने, मोक्षदादेवींनी, लिहिले. मराठा पलटणींतील कुणाचे असे पुस्तक आमच्या वाचनात नाही. एप्रिलमधला तो पहिला घास त्याने कसा गिळला, हे आम्हांला गोऱ्या अधिकाऱ्यांच्या अहवालांतूनच वाचावे लागते.