प्राथमिक शिक्षक होणाऱ्यांना कॉलेजात विज्ञान कसं शिकवावं?

मध्य रेल्वेवर कसाऱ्याच्या अलीकडे उंबरमाळी स्टेशन लागतं. शहापूर तालुक्यातल्या अशा भागात छोट्या शाळेत एकच शिक्षक भाषा, गणित आणि परिसर अभ्यास असं सगळंच शिकवतो. ‘विज्ञान माझा विषय नाही’ असं म्हणायची सोय त्याला नसते.

अडचण कुठे आहे?

महाराष्ट्रात बारावीनंतर दोन वर्षांची डी.एल.एड. (पूर्वीची डी.एड.) पदविका करून प्राथमिक शिक्षक होता येतं. बारावी कोणत्याही शाखेची चालते. त्यामुळे अनेकांचं विज्ञान दहावीलाच सुटलेलं असतं. त्यांना बी.एस्सी.चा अभ्यास पातळ करून शिकवला, तर व्याख्या पाठ होतात आणि चुकीच्या समजुती तशाच राहतात. उदाहरणार्थ, चंद्राच्या कला पृथ्वीच्या सावलीमुळे दिसतात, असं अनेक शिकलेल्या लोकांनाही वाटतं. खरं तर सावली पडते ती फक्त चंद्रग्रहणात. अशी समजूत शिक्षकाकडून वर्षानुवर्षं मुलांपर्यंत जाते.

अभ्यासक्रम कसा असावा?

- विषय थोडे, पण खोलवर: महिनाभर रोज चंद्र पाहून वहीत नोंद करायची. मग बल्ब आणि चेंडू घेऊन कला का बदलतात ते शोधायचं.
- आधी अनुभव, मग संज्ञा: व्याख्या शेवटी द्यायची.
- साधं साहित्य: गावच्या शाळेत मिळेल त्याच वस्तूंनी प्रयोग करायचे.
- शिकवून पाहणं: तोच प्रयोग मुलांसोबत करायचा आणि त्यांचे प्रश्न टिपायचे.

शहापूरचं उदाहरण: पाणी

मुंबईला पाणी देणारी भातसा आणि तानसा ही धरणं याच तालुक्यात आहेत. तरी उन्हाळ्यात इथल्या पाड्यांवर टँकर येतात. असं का, हा प्रश्न घेऊन विज्ञानाचा अख्खा पाठ उभा राहतो. तळ कापलेल्या तीन बाटल्या उलट्या धरून तोंडाला फडकं बांधायचं. त्यांत वाळू, मुरूम आणि चिकणमाती भरून सारखंच पाणी ओतायचं आणि कुठून किती वेळात किती झिरपतं ते मोजायचं. मग उतारावरच्या काळ्या कातळावर पडलेला पाऊस कुठे जातो, याचा विचार करायचा. टंचाईचं संपूर्ण उत्तर विज्ञानात नाही, पाणीवाटपातही आहे, हेही इथेच कळतं.

असे प्रयत्न झाले आहेत का?

हो. मध्य प्रदेशात 1972 साली सुरू झालेल्या होशंगाबाद विज्ञान कार्यक्रमात शिक्षक आधी स्वतः प्रयोग करत, मग वर्गात घेत. मुंबईत मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने प्राथमिक वर्गांसाठी ‘स्मॉल सायन्स’ ही कृतीवर आधारित पुस्तकं तयार केली. अमेरिकेत लिलियन मॅकडरमॉट यांच्या गटाने शिक्षकांसाठी ‘फिजिक्स बाय इन्क्वायरी’ हा प्रयोगांतून शिकण्याचा अभ्यासक्रम घडवला.

पुढे काय?

2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानुसार 2030 पर्यंत शिक्षकासाठी किमान पात्रता चार वर्षांची एकात्मिक बी.एड. असेल. दोनाची चार वर्षं झाली, तरी ती फळ्यावरच्या व्याख्यांत गेली तर वर्गात फरक पडणार नाही. ‘माहीत नाही, चल करून बघू’ असं मुलाला न घाबरता सांगणारा शिक्षक घडला, तर तो अभ्यासक्रम जमला.