पोस्त आणि पगार

दिवाळीत पोस्टमनाने अन् घरगड्याने पोस्त मागावी आणि यजमानाने कुरकुरत का होईना ती द्यावी, हा मुंबईच्या चाळींतला जुना रिवाज. मागणारा हक्काने मागे. पण तो हक्क कसला, हे कोणी लिहून ठेवले नव्हते.

पहिल्या महायुद्धातल्या नफ्यातून गिरणीमालकांनी बोनस सुरू केला आणि १९२३ साली बंद केला. १९२४ च्या आरंभी प्रचंड संप झाला. मुख्य न्यायमूर्ती सर नॉर्मन मॅक्लिऑड यांच्या समितीने निर्वाळा दिला, की कामगारांचा बोनसवर कायदेशीर हक्क नाही. म्हणजे ती पोस्तच! तिचा हक्क व्हायला १९६५ चा कायदा यावा लागला. डबेवाल्यांनी मात्र दिवाळीला गिऱ्हाइकाकडून महिन्याचे जादा पैसे घेण्याचा नियम स्वतःच घालून घेतला. मला त्यांचे कौतुक वाटते.

आता मोबाइलवर मागवलेले जेवण आणणाऱ्या पोराला कंपनी नोकर न म्हणता ‘भागीदार’ म्हणते. मग बोनस कुठला? त्याला टिप द्यावी का, यावर आमच्या घरी वाद होतो. मी म्हणतो, जरूर द्यावी. पण ती पगारावर, पगाराऐवजी नव्हे. हे भय काल्पनिक नाही. अमेरिकेत डोअरडॅश कंपनी २०१९ पर्यंत गिऱ्हाइकाची टिप हमीच्या मोबदल्यातच जमा धरी. २०२५ साली न्यूयॉर्क राज्याशी तडजोड करताना तिने सुमारे १ कोटी ६७ लाख डॉलर मोजले.

मी आपली नोट हातात देतो. पाऊस असला तर जरा मोठी.