रस्ता करून देणारे उंटवाले

ऑस्ट्रेलियाच्या इतिहासात वाळवंट ओलांडणाऱ्या गोऱ्या शोधकांची नावे ठळकपणे येतात. त्यांचे सामान वाहून नेणारे कोण होते, हे मात्र फारसे सांगितले जात नाही. त्यातले बहुतेक मुसलमान होते.

मध्य ऑस्ट्रेलियात वस्ती विरळ आणि पाणी दुर्मीळ. तिथे घोडे-बैल टिकत नसत. म्हणून १८६० साली बर्क आणि विल्स यांच्या मोहिमेसाठी २४ उंट हिंदुस्थानातून मेलबर्नला नेले गेले. सोबत उंटवालेही होते. १८६६ साली थॉमस एल्डर या जमीनदाराने कराचीहून शंभराहून अधिक उंट आणि ३१ उंटवाले मागवले. कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होती. उंटवाल्यांत पठाण, बलुची, सिंधी, पंजाबी असे सगळे होते, पण तिथे सरसकट 'अफगाण' म्हणूनच ओळखले गेले.

दूरवरच्या मेंढपाळांची लोकर, खाणींचे सामान, १८७२ साली पुऱ्या झालेल्या तारमार्गाचे साहित्य, हे सारे उंटांच्या पाठीवरून गेले. मारी या गावात त्यांनी मातीची छोटी मशीद बांधली. रुळांच्या एका बाजूला गोरे राहत, दुसऱ्या बाजूला हे.

रेल्वेच्या कामाचे सामानही त्यांनीच वाहिले. १९२९ साली रेल्वे ॲलिस स्प्रिंग्जला पोहोचली. तोवर मोटारलॉऱ्याही आल्या होत्या. ज्या वाटा त्यांनी रुळवल्या, त्यांवरूनच त्यांची रोजी गेली.

यंत्र आले की जुने काम जाते. हे जगभर घडले. पण दुसरे काम शोधायची मोकळीक सर्वांना सारखी नव्हती. पश्चिम ऑस्ट्रेलियात १८९५च्या कायद्याने आशियाई परदेशी लोकांना सोन्याच्या खाणीचा परवाना नाकारला. १९०१च्या कायद्याने नव्या लोकांचे येणे रोखले, १९०३च्या कायद्याने आशियात जन्मलेल्यांना नागरिकत्वाची वाट बंद केली. काही जण मायदेशी परतले, काही फेरीवाले झाले, काही आदिवासी बायकांशी संसार थाटून तिथेच राहिले.

१९२५ साली दक्षिण ऑस्ट्रेलियात मोकाट उंट मारण्याची मुभा देणारा कायदा झाला. अनेकांनी आपले उंट गोळीपासून वाचवण्यासाठी रानात सोडून दिले. त्यांची पिलावळ आजही त्या वाळवंटात हिंडते. ॲडलेड ते डार्विन धावणाऱ्या गाडीचे नाव 'द घान' आहे. ते 'अफगाण' शब्दावरूनच पडले, असे मानले जाते. गाडीला नाव मिळाले, माणसांना नागरिकत्व मिळाले नाही.