श्रद्धाबल : डिसेंबर १९५६ ची कसोटी

दुःखाच्या प्रसंगी मनुष्य आधार शोधतो आणि बहुधा तो श्रद्धेतच शोधतो. परंतु श्रद्धा या एका शब्दाखाली दोन अगदी भिन्न वृत्ती वावरत असतात. संकट टळावे म्हणून अदृश्य शक्तीपुढे पदर पसरणे यालाही लोक श्रद्धा म्हणतात. आणि संकट टळले नाही तरी स्वीकारलेल्या मार्गावरून पाऊल ढळू न देणे, हीही श्रद्धाच होय. तथागतांच्या धम्मात श्रद्धेला जे स्थान आहे ते या दुसऱ्या अर्थाने. पालि वाङ्मयात पाच बले सांगितली आहेत : सद्धा, विरिय, सति, समाधि आणि पञ्ञा. त्यांत सद्धा पहिली आणि पञ्ञा शेवटची. आचार्य बुद्धघोषांनी 'विसुद्धिमग्ग' या ग्रंथात या दोहोंचा समतोल राखण्यास सांगितले आहे, कारण प्रज्ञेवाचून वाढलेली श्रद्धा अपात्री जडते. हा झाला सिद्धान्त. आपल्या समाजाला त्याची कसोटी डिसेंबर १९५६ मध्ये द्यावी लागली.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कुशीनगरचे महास्थवीर चंद्रमणी यांच्याकडून त्रिसरण व पंचशील ग्रहण केले आणि त्यानंतर स्वतः लाखो अनुयायांना धम्मदीक्षा व २२ प्रतिज्ञा दिल्या. १६ ऑक्टोबरला चांदा येथे दीक्षा समारंभ झाला. नोव्हेंबरमध्ये प्रकृती ढासळलेली असतानाही बाबासाहेब काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेस गेले. त्याच प्रवासात त्यांनी तथागतांच्या महापरिनिर्वाणाची भूमी असलेल्या कुशीनगरला भेट दिली. मुंबईत १६ डिसेंबरला दीक्षा समारंभ व्हावयाचा होता. तो दिवस बाबासाहेबांना पाहता आला नाही. ६ डिसेंबर रोजी दिल्लीत त्यांचे महापरिनिर्वाण झाले. नागपूरच्या दीक्षेला तेव्हा अवघे ५३ दिवस झाले होते.

त्या वेळची स्थिती आपण नीट ध्यानात घेतली पाहिजे. लोकांनी जुने देव घरातून काढले होते. नव्या मार्गाचा परिचय अजून व्हावयाचा होता. गावोगावी विहारे नव्हती. धम्म समजावून सांगणारे भिक्षू हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. 'दि बुद्ध अँड हिज धम्म' हा बाबासाहेबांचा ग्रंथ छापून व्हावयाचा होता. तो १९५७ साली प्रसिद्ध झाला. अशा वेळी वाट दाखविणाराच गेला. आता ही माणसे परत फिरतील, असे कोणी म्हटले असते तर ते अशक्य वाटले नसते.

प्रत्यक्षात काय घडले? ७ डिसेंबरला दादर चौपाटीवर, अंत्यसंस्काराच्या त्याच भूमीवर, दादासाहेब गायकवाडांच्या सूचनेवरून भदन्त आनंद कौसल्यायन यांनी शोकाकुल जनसमुदायाला धम्मदीक्षा दिली. एक लाखाहून अधिक लोकांनी त्या दिवशी त्रिसरण-पंचशील ग्रहण केले. नऊ दिवसांनी बाबासाहेबांच्या मुखातून जे शब्द ऐकावयाचे, ते त्यांनी त्यांच्या पार्थिव देहाच्या सान्निध्यात उच्चारले. एकीकडे रडू आवरत नव्हते आणि दुसरीकडे सरणगमन चालले होते. जगाच्या धर्मेतिहासात असा प्रसंग विरळाच.

नागपूरची कथाही तशीच आहे. भिक्षू संघरक्षित योगायोगाने ६ डिसेंबरलाच तेथे पोहोचले होते. सायंकाळी कस्तुरचंद पार्कवर सुमारे लाखाचा समुदाय जमला. वक्ते बोलावयास उभे राहत आणि दोन शब्दांतच त्यांचा कंठ दाटून येई. तेव्हा संघरक्षितांनी रिक्षाच्या आसनावर उभे राहून, बाबासाहेबांचे कार्य थांबता कामा नये, हे लोकांना सांगितले. पुढील चार दिवस ते वस्त्यावस्त्यांतून सभा घेत फिरले.

येथे आम्हांस संयुत्तनिकायातील एका प्रसंगाची आठवण होते. सारिपुत्ताचे पात्र व चीवर घेऊन चुन्द श्रामणेर श्रावस्तीस येतो. सारिपुत्त गेल्याचे ऐकून आनंद व्याकूळ होतात. आपल्याला दिशा सुचत नाही असे म्हणतात. तथागत त्यांना रागावत नाहीत आणि परलोकाचे आश्वासनही देत नाहीत. ते एवढेच विचारतात की सारिपुत्त जाताना शील, समाधी, प्रज्ञा बरोबर घेऊन गेला काय? आनंद म्हणतात, नाही. मग तथागत अत्तदीप होण्याचा, धम्माला शरण जाण्याचा उपदेश करतात. दादर चौपाटीवरील जनांपैकी किती जणांना हे सुत्त ठाऊक असेल? फारच थोड्यांना. तथापि त्यांच्या कृतीने याच प्रश्नाचे उत्तर दिले. बाबासाहेब गेले, पण त्यांनी दिलेले पंचशील ते बरोबर घेऊन गेले नव्हते.

ही श्रद्धा क्षणिक भावनेच्या उमाळ्याची नव्हती, याची साक्ष आकडे देतात. १९५१ च्या जनगणनेत भारतातील बौद्धांची संख्या सुमारे १ लाख ८० हजार होती. १९६१ मध्ये ती ३२ लाखांवर गेली. त्यांतील २७ लाखांहून अधिक एकट्या महाराष्ट्रातील होते. आणि या दृढतेची किंमतही मोजावी लागली. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा बौद्ध होणाऱ्यास मिळत नव्हता. राज्य पातळीवर महाराष्ट्रात काही सवलती आधी मिळाल्या, तरी केंद्राच्या पातळीवर हा दर्जा मिळण्यास १९९० साल उजाडले. म्हणजे दीक्षेनंतर चौतीस वर्षे. त्या काळात कागदावर 'बौद्ध' लिहिणे म्हणजे मुलाची शिष्यवृत्ती किंवा नोकरी पणाला लावणे होते. तरीही असंख्य आईबापांनी ते लिहिले. त्यांच्या श्रद्धेने संकट टाळले नाही. संकटातही ताठ उभे राहण्याचे बळ मात्र दिले.

आज आपल्या घरांत आजारपण येते, कर्ज होते, तरुण मुलाची नोकरी जाते. अशा वेळी भिंतीवर बाबासाहेबांची प्रतिमा असूनही कोणी गुपचूप बुवाकडे जातो, मुलाच्या दंडात ताईत बांधतो. त्याचा उपहास करणे सोपे आहे. परंतु उपहासाने कोणाचे दुःख हलके होत नाही. अडचणीतल्या कुटुंबाकडे ताईतवाला पोहोचतो आणि आपण पोहोचत नाही, हा दोष आपला आहे. डिसेंबर १९५६ मध्ये शोकमग्न माणूस एकटा नव्हता. त्याच्या शेजारी तेच त्रिसरण म्हणणारा दुसरा माणूस उभा होता. संघाला शरण जाण्याचा एक अर्थ आम्ही हाही समजतो.

म्हणून दरवर्षी ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर वंदन करताना आपण स्वतःस एवढे विचारावे की येत्या वर्षात आपल्या वस्तीतील कोणत्या दुःखी घराच्या दारात आपण उभे राहणार आहोत. चौपाटीवरील त्या लाखो लोकांचे ऋण फेडण्याचा याहून सरळ मार्ग आम्हांस दिसत नाही.