इस्माईल दुंबुल्लू : संहितेविना हसवणारा तुर्की नट

इस्माईल दुंबुल्लू (1897–1973) हे तुर्कस्तानातील उत्स्फूर्त विनोदी नाट्यपरंपरेचे शेवटचे मोठे नट मानले जातात. जन्म इस्तंबूलच्या उस्कुदार भागातला. नामवंत विनोदी नट केल हसन यांच्या हाताखाली ते तयार झाले.

‘ओर्ताओयुनु’ हा तिथला जुना लोकनाट्यप्रकार. मधे मोकळी जागा, भोवती प्रेक्षक. पडदा नाही की लिहिलेली संहिता नाही. पिशेकार खेळाचं सूत्र सांभाळतो, तर कावुक्लू त्याच्या बोलण्याचा भलताच अर्थ काढून हशा पिकवतो. आपल्या तमाशातल्या सोंगाड्याचाच भाऊ म्हणा ना! हाच खेळ पुढे पडद्याच्या रंगमंचावर आला, त्याला ‘तुलुआत’ म्हणतात. त्यात गोष्ट ठरलेली, संवाद मात्र ऐनवेळी सुचतील ते. दुंबुल्लू दोन्हींत तरबेज होते. ‘दुंबुल्लू तारझान’ (1954) अशा चित्रपटांतूनही त्यांनी काम केलं.

लिहून ठेवलेलं काही नसल्यानं ही कला माणसाकडून माणसाकडेच जाते. तिची खूण म्हणजे कावुक, अर्थात कावुक्लूचं पागोटं. केल हसन यांच्याकडून ते दुंबुल्लूंकडे आलं. 1968 मध्ये दुंबुल्लूंनी ते म्युनिर ओझकुल यांच्या स्वाधीन केलं. त्यानंतर फेरहान शेनसोय (1989), रासिम ओझतेकिन (2016) आणि शेवकेत चोरुह (2020) हे मानकरी ठरले.

हे वारसदार मुख्यतः लिखित नाटकांत आणि पडद्यावर नावारूपाला आले. पागोटं पुढे पोचलं. पण रंगमंचावर त्या त्या रात्री सुचलेले दुंबुल्लूंचे बहुतेक संवाद त्यांच्याबरोबरच गेले.