आपल्याच घरचा छापखाना

अकोले तालुक्यातले कळस आणि संगमनेर तालुक्यातले कवठे, यांपैकी यादीत आधी कोणते यावे? शाळेत मुळाक्षरे पाठ केलेला कोणीही सांगेल, कवठे. कारण आपल्या वर्णमालेत ‘ळ’ हा ‘ह’च्या नंतर येतो. माझ्या संगणकाने मात्र कळस आधी लावले. त्या चुकीचा माग काढताना जो इतिहास हाती लागला, तो इथे मांडतो.

नगर जिल्ह्यातल्या गावोगावचे वीरगळ, बारवा आणि घराघरांतले मोडी कागद यांच्या नोंदी मी बरीच वर्षे वह्यांत करत आलो. पुढे त्या संगणकावर उतरवल्या, त्या काळी मिळेल त्या फाँटमध्ये. यंत्र बदलले आणि फाइल उघडली तर सगळी रोमन अक्षरांची खिचडी! कारण साधे होते. ते फाँट रोमन अक्षरांच्या संकेतांवर नुसते देवनागरीचे कपडे चढवत. कपडे हरवले की आत रोमनच. वास्तविक देवनागरीचे स्वतःचे संकेत १९८८च्या ‘इस्की’ या भारतीय प्रमाणात ठरले होते, आणि १९९१च्या युनिकोडने देवनागरीची मांडणी त्यावरूनच घेतली. ते आमच्या टेबलापर्यंत पोचायलाच उशीर झाला.

तेव्हा ठरवले, की नोंदी युनिकोडमध्ये, शोधता येतील अशा, आणि आपल्याच यंत्रावर ठेवायच्या. त्यासाठी लागतो तो सर्व्हर. हा शब्द ऐकून थंडगार खोलीतली मोठी कपाटे डोळ्यांपुढे येतात; पण सर्व्हर हा मुळात एक प्रोग्राम आहे, आणि तो घरच्या संगणकावरही चालतो. कचेरीची उपमा घेतली तर अपाची हा दारावर बसून अर्ज घेणारा, पीएचपी हा अर्ज वाचून उत्तर लिहिणारा कारकून आणि मायएसक्यूएल हा दप्तरखाना. अर्ज करणारा ब्राउझरही त्याच यंत्रात. म्हणून पत्ता ‘लोकलहोस्ट’, आकड्यांत १२७.०.०.१, म्हणजे ‘मी स्वतः’. इंटरनेट लागत नाही.

ही साधने जन्मली ती गरजेतून. अमेरिकेतल्या एनसीएसए या संस्थेच्या सर्व्हरची निगा मंदावली, तेव्हा तो वापरणाऱ्यांनी आपापली ठिगळे एकमेकांना पाठवून १९९५ साली अपाची उभा केला. रासमुस लेरडॉर्फ याने आपल्या पानावर कोण येऊन गेले हे पाहण्यासाठी छोटे प्रोग्राम लिहिले आणि १९९५च्या जूनमध्ये ते सर्वांना खुले केले, तेच पीएचपी. इस्रायलमधल्या अँडी गुटमन्स आणि झीव सुरास्की या विद्यार्थ्यांनी ते नव्याने लिहिले, त्याची तिसरी आवृत्ती १९९८ची. त्यांची मायबोली त्यात राहून गेली. दुहेरी विसर्गचिन्हाची चूक झाली की पीएचपी कित्येक वर्षे ‘पामायिम नेकुदोतायिम’ अशी हिब्रू तक्रार करी. अर्थ एवढाच, दोनदा दोन टिंबे! २००२ साली जर्मनीतल्या ‘अपाची फ्रेंड्स’ने हे सगळे ‘झॅम्प’ नावाच्या एका गाठोड्यात बांधले, म्हणून माझ्यासारख्याला ते उतरवता आले.

उतरवले, तरी चालेना. ऐंशी क्रमांकाचे दार दुसऱ्याच एका प्रोग्रामने अडवले होते; अपाचीला ८०८० दिले. मग पान कोरे. फाइलवर दोनदा क्लिक करून ती उघडत होतो, म्हणजे अर्ज दारावर न देता परस्पर आत शिरत होतो. फाइल ‘एचटीडॉक्स’ फोल्डरमध्ये ठेवून पत्ता टाइप केला, तेव्हा पहिले ‘नमस्कार’ उमटले.

खरा फटका पुढे बसला. दप्तरखान्याची भाषा मी युनिकोडवर लावली नव्हती. काही दिवस भरलेल्या नोंदी उघडून पाहिल्या तर प्रत्येक अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह. ती परत अक्षरे होत नाहीत. वह्या होत्या म्हणून वाचलो.

मग मोजणीची गंमत कळली. ‘अहिल्यानगर’ची लांबी पीएचपीला विचारली तर उत्तर ३०. ते अक्षरे नव्हे, बाइट मोजते, आणि यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. दुसरी आज्ञा दिली तर १०, म्हणजे काना, वेलांटी, हलन्त सुटे धरून. आपण बोटांवर मोजतो ती अक्षरे सहा! ‘ळ’चे कोडेही असेच सुटले. युनिकोडच्या तक्त्यात तो ‘ल’च्या शेजारी बसवला आहे आणि यंत्र तक्त्याप्रमाणे चालते. मी प्रत्येक नावाची क्रमापुरती दुसरी प्रत ठेवली, तीत ‘ळ’ला ‘ह’च्या पुढचा संकेत दिला. कवठे आधी आले.

हे करताना गणपत कृष्णाजींची आठवण येई. अमेरिकन मिशनचा छापखाना पाहून त्यांनी मुंबईत स्वतःचे लाकडी यंत्र बनवले, शाई घरी तयार केली आणि १८३१ साली मराठी पंचांग छापले. त्याच साली त्या मिशनचे लोक नगरला आले, आणि १८४२ साली नगरहून ‘ज्ञानोदय’ निघू लागले. छापणे मिशनऱ्यांनी आणले. ते आपले झाले, ते कोणीतरी घरी यंत्र मांडून शाईने हात काळे केले तेव्हा.

२०२४ साली जिल्ह्याचे नाव बदलले. माझ्या दप्तरखान्यात ते एकाच जागी बदलावे लागले. जुने नावही शोधापुरते ठेवले आहे, कारण जुन्या कागदांत तेच आहे. घरातल्या वायफायवर शेजारची पोरे मोबाइलवरून आपल्या गावचा वीरगळ शोधतात. दर महिन्याला सगळ्याची प्रत पेनड्राइव्हवर काढतो, आणि वह्या अजून टाकलेल्या नाहीत.